रूपमती आणि बाज बहादूर: गोष्ट मांडूची, मरण सारंगपूरचं

रेवाकाठ (धागाकर्ता)

मांडूवर इथे भरपूर प्रवासवर्णनं आहेत. पावसाळा, जहाज महालाभोवतीचं पाणी, दाल-पानिये, सगळं येऊन गेलंय. पण रूपमती-बाज बहादूरची कथा प्रत्येक लेखात जवळपास त्याच शब्दांत येते, कारण ती सगळ्यांनी गाईडकडूनच ऐकलेली असते. म्हणून हा धागा फक्त त्या कथेसाठी. ती आली कुठून, आणि कोणाच्या तोंडी कशी बदलली.

आधी गाईडची आवृत्ती, माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. माळव्याचा सुलतान बाज बहादूर शिकारीला जातो, नर्मदेकाठी एक मुलगी गाताना दिसते. ती रूपमती. तो लग्नाचं विचारतो. ती म्हणते, नर्मदामाईचं दर्शन घेतल्याशिवाय मी अन्नाला शिवत नाही, तेव्हा जिथून ती रोज दिसेल अशी जागा दे. तो कड्यावर मंडप बांधतो. तिच्या रूपाची कीर्ती अकबराच्या सरदाराच्या, अधमखानाच्या, कानावर जाते. फौज येते, बाज बहादूर हरतो, रूपमती विष घेते. पडदा.

आता सगळ्यात जुना थर बघू. अबुल फजल, निजामुद्दीन अहमद आणि बदाऊनी हे तिघं अकबराच्याच काळातले, घटनेनंतर तीस-चाळीस वर्षांत लिहिणारे. त्यांच्याकडून जे हाती लागतं ते असं: शुजाअतखान हा शेरशहाच्या बाजूचा माळव्याचा सुभेदार. १५५५ च्या सुमारास तो वारला आणि त्याचा मुलगा मलिक बायजीद याने भावाला मारून गादी घेतली, बाज बहादूर हे नाव धारण केलं. गाण्याचा विलक्षण नाद. जनान्यात गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांचा मोठा ताफा, त्यात रूपमती सर्वांत लाडकी. तिच्यावर तो हिंदवी कविता करायचा. मार्च १५६१ मध्ये अधमखान आणि पीर मुहम्मदखान फौज घेऊन आले, सारंगपूरजवळ लढाई झाली, बाज बहादूर हरून खानदेशाकडे पळाला.

इथे एक तपशील आहे जो मांडूत कोणीही सांगत नाही. लढाईला निघताना बाज बहादूरने जनान्यावर विश्वासातली माणसं ठेवली होती आणि हुकूम देऊन ठेवला होता की आपण हरल्याची बातमी आली की बायकांना कापून काढा. अबुल फजलने हे स्पष्ट लिहिलंय. काही जणी मेल्या, काही जखमी झाल्या, आणि काहींपर्यंत तलवार पोचायच्या आत मुघल सैन्य शहरात शिरलं. रूपमती जखमींमध्ये होती. अधमखानाने तिला बोलावणं पाठवलं तेव्हा तिने विष घेतलं.

म्हणजे तिच्यावर पहिला वार झाला तो प्रियकराच्या हुकमाने. माझ्या मते दंतकथेने केलेली सगळ्यात मोठी सफाई ही. बाकी मंडप, नर्मदा, शिकार ही नंतरची सजावट. आणि घटनास्थळ तर सरळच बदललं गेलं आहे: यातलं काहीही मांडूत घडलेलं नाही. शुजाअतखान आणि बाज बहादूर या दोघांचं राहणं मुख्यतः सारंगपूरला होतं.

तुम्ही ऐकलेल्या, वाचलेल्या आवृत्त्या लिहा. आजीकडून ऐकलेली असेल तरी चालेल, उलट तीच आधी लिहा.

झणझणीत

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: मग तो रूपमतीचा मंडप कोणाचा? आणि शेजारी 'बाज बहादूर का महल' अशी चक्क पाटी आहे ना?

धारवाला

@झणझणीत, पाटी आहे, पण त्याच महालाच्या दारावर एक फारसी शिलालेखही आहे. त्यावर हिजरी ९१४ म्हणजे १५०८-०९ साल आणि बांधणाऱ्याचं नाव नासिरुद्दीन खलजी. बाज बहादूर गादीवर यायच्या सत्तेचाळीसेक वर्षं आधी हा महाल उभा होता. तो तिथे येऊन राहिला असेल, डागडुजी केली असेल, इतकंच.

मंडपाचंही तसंच. गुलाम याज़दानी (निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख, अजिंठ्यावरचं मोठं काम त्यांचंच) यांनी १९२९ साली मांडूवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलंय की ही इमारत टप्प्याटप्प्याने झाली आणि मूळची खालची वास्तू पहारेकऱ्यांची असावी. जागा बघितली की पटतंच. डोंगराची दक्षिण कड, खाली साडेतीनशे मीटरहून जास्त सरळ उतार आणि समोर अख्खं निमाड. दक्षिणेकडून कोणी चाल करून येतंय का ते बघायला याहून चांगली जागा नाही. गच्चीवरच्या त्या दोन छत्र्या, ज्यांच्यापाशी सगळे फोटो काढतात, त्या सगळ्यात शेवटी चढल्या.

त्या नासिरुद्दीनचीही एक कथा आहे. त्याने बापाला विष दिलं अशी वदंता होती. १६१७ मध्ये जहांगीर मांडूत मुक्कामाला होता तेव्हा त्याने नासिरुद्दीनच्या थडग्याला लाथ मारली आणि हाडं काढून नर्मदेत फेकायला लावली. हे जहांगीरने स्वतःच आपल्या आठवणींत लिहिलंय. तर ज्या महालात लोक 'अमर प्रेम' शोधायला जातात तो बांधणारा गृहस्थ असा.

नर्मदे_हर

परिक्रमेत उत्तर तटावर मांडूचं रेवाकुंड लागतं. तिथे ऐकलेली कथा गाईडच्या कथेहून वेगळी आहे, म्हणून लिहितो.

यात रूपमती धरमपुरीच्या ठाकुराची मुलगी. धरमपुरी म्हणजे खाली नर्मदेकाठचं गाव. बाज बहादूर मागणी घालतो तेव्हा ती म्हणते, ज्या दिवशी रेवा मांडूवर वाहील त्या दिवशी मी तुझी. नदी दीड हजार फूट वर चढणार कशी? म्हणजे हा सभ्य नकारच. पण राजा हट्टाला पेटतो. मग नर्मदामाई त्याला सांगते की डोंगरावर अमुक झाडाच्या मुळाशी खण, तिथे माझा झरा आहे. तो खणतो, पाणी लागतं, तेच रेवाकुंड. इकडे ठाकुराला मुलीने मुसलमान सुलतानाला शब्द दिल्याचं कळतं आणि तो तिला मारायला निघतो. ऐन वेळी बाज बहादूर येऊन तिला नेतो.

गंमत म्हणजे तिथे ही कथा सांगणाऱ्या बाबांना शेवटाशी काही देणंघेणं नव्हतं. अधमखान, विष, लढाई यातलं काही आलंच नाही. त्यांच्यासाठी गोष्ट कुंडात पाणी आल्यावर संपते. ही मुळात नर्मदेच्या महात्म्याची कथा आहे, प्रेमिक त्यात निमित्तमात्र. आम्ही कुंडाचं पाणी घेतलं, नर्मदाष्टक म्हटलं आणि पुढे निघालो.

मृद्गंध

+१ नर्मदे_हर. आणि कुंडाचं पाणी उचलून बाज बहादूरच्या महालाकडे नेणाऱ्या पाटाचे अवशेष अजून दिसतात, म्हणजे कुंड आणि महाल यांचं नातं खरंच आहे. दंतकथेने फक्त क्रम उलटवला: महालासाठी पाणी होतं, त्याची रूपमतीसाठी नदी झाली.

तिरकस

धागा उत्तम, पण मला एक कळत नाही. या बाज बहादूरला आपण प्रेमवीर म्हणून का मिरवतो? सख्ख्या भावाला मारलं. गोंडवनावर चाल करून गेला आणि राणी दुर्गावतीकडून सडकून मार खाऊन आला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की त्या पराभवाची लाज विसरायला तो गाण्याबजावण्यात बुडाला. मुघल आले तेव्हा बायकांना मारायचा हुकूम देऊन स्वतः पळाला. नंतर नऊ वर्षं इकडेतिकडे आसरा शोधत, मेवाडच्या उदयसिंहाकडेही राहून, शेवटी १५७० मध्ये नागौरला अकबरापुढे हजर झाला आणि त्याच अकबराची मनसब, म्हणजे दरबारी हुद्दा, घेतली. आधी एक हजारी, मग दोन हजारी. ज्याच्या सरदारामुळे ती मेली त्याच्याच पदरी नोकरी!

शोकांतिका तिची आहे. त्याची तर बढती झाली.

इतिहासवेडी

तिरकसभाऊ, मुद्दा मान्य, पण आजच्या चष्म्यातून थोडं जास्त होतंय. पराभव झाला तर जनाना शत्रूच्या हाती पडू नये म्हणून मारायचा, ही त्या काळच्या सत्ताधाऱ्यांची क्रूर पण सर्वत्र दिसणारी रीत होती. राजपुतांकडे जोहराच्या नावाने तीच गोष्ट गौरवली जाते. बाज बहादूर त्यात वेगळा नव्हता. मला जास्त रोचक वाटतं ते हे की लेखकांनी या प्रसंगाचं पुढे काय केलं.

अबुल फजलकडे तिचं मरण दोन-चार वाक्यांत आटोपतं. त्याचा रोख वेगळाच आहे: अधमखान किती नालायक होता ते दाखवणं. लूट आणि गाणाऱ्या बायका त्याने स्वतःकडेच ठेवल्या, म्हणून अकबर आग्र्याहून स्वतः धावत सारंगपूरला आला. तरीही अधमखानाने दोन स्त्रिया लपवल्या, आणि प्रकरण उघड होऊ नये म्हणून त्याच्या आईने, माहम अनगाने, त्या दोघींना मारून टाकलं. या दोघींची नावंसुद्धा कुठे नाहीत. रूपमतीच्या वाट्याला कथा आली, यांच्या वाट्याला एक ओळ. पुढच्याच वर्षी अधमखानाने अकबराचा मंत्री अतगाखान याचा दरबारात खून केला आणि अकबराने त्याला गच्चीवरून खाली फेकायला लावलं, एकदा नाही, दोनदा. दरबारी इतिहासात रूपमती ही या आरोपपत्रातली एक नोंद आहे.

यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी इतिहासकार खाफीखान लिहितो तेव्हा तिथे पूर्ण नाट्यप्रवेश उभा राहतो. ती अधमखानाला भेटीची वेळ देते. उंची वस्त्रं नेसते, अत्तरं लावते, पलंगावर पडून तोंडावर शेला ओढून घेते. दासींना वाटतं डोळा लागला. खान येतो, त्या उठवायला जातात, तेव्हा कळतं की विष घेऊन ती गेली आहे. इंग्रज इतिहासकार एल्फिन्स्टनने हाच प्रसंग आपल्या इतिहासात घेतला आणि तिथून तो इंग्रजी शाळांत, आणि मग आपल्या भाषांत. मधल्या काळात विषाची कुठेकुठे हिऱ्याची कणीही झाली. जखम मात्र या प्रवासात पुसली गेली, कारण शृंगार करून पहुडलेल्या नायिकेच्या अंगावर तलवारीचा घाव शोभत नाही.

तिच्या कुळाबद्दल तर जितकी तोंडं तितक्या गोष्टी. मुघल आणि फिरिश्त्याच्या परंपरेत ती नाचगाण्याच्या पेशातली. माळव्याच्या भाटांकडे राजपूत ठाकुराची मुलगी. काही ठिकाणी सारंगपूरच्या ब्राह्मणाची. कथा जितकी लोकप्रिय होत गेली तितकं तिचं कूळ वर सरकत गेलेलं दिसतं. पेशेवाल्या बाईची निष्ठा लोकांना पचत नाही, असं माझं मत. खरं तर अबुल फजलला ती पचली होती.

आणखी एक महत्त्वाचा धागा: १५९९ मध्ये अहमद-उल-उमरी नावाच्या तुर्कमान गृहस्थाने फारसीत फक्त या दोघांची कहाणी लिहिली. १९२६ मध्ये क्रम्प या इंग्रज अधिकाऱ्याने तिचं भाषांतर प्रसिद्ध केलं, आणि त्यात रूपमतीच्या नावावरचे दोहे, कवित्त, सवय्ये दिले. सगळे तिचेच असतील असं मी म्हणणार नाही. मीराबाईच्या नावावर किती पदं जमा झाली ते आपण जाणतोच. पण घटनेला चाळीस वर्षं होत नाहीत तोच तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहावासा वाटला, म्हणजे प्रेमकथा म्हणून ही इंग्रजांनी किंवा पर्यटन खात्याने घडवलेली नाही.

रेवाकाठ (धागाकर्ता)

इतिहासवेडी, सुंदर प्रतिसाद. त्या दोन अनाम स्त्रियांचा उल्लेख मी मूळ लेखात करायला हवा होता असं वाटावं इतका नेमका.

@तिरकस, मनसबीबद्दल: 'आईन-ए-अकबरी'त दरबारी गवयांची यादी आहे. तानसेन पहिला. त्याच यादीत बाज बहादूरही आहे, अद्वितीय गायक म्हणून. एका सुलतानाचं नाव गवयांच्या यादीत यावं याला बढती म्हणायचं की आणखी काही, तुम्हीच ठरवा.

राजवाडा_ते_सराफा

इंदूरकर हजर. आमच्याकडे मांडूची सहल म्हणजे पावसाळ्यातला कुळाचार आहे, पण सारंगपूरला कोणी मुद्दाम जात नाही. आग्रा-मुंबई रस्त्यावर शाजापूरच्या पुढे, कालीसिंध नदीच्या काठी. ग्वाल्हेरच्या गाड्या तिथून भुर्रकन निघून जातात. तिथले लोक मात्र 'रानी रूपमती का मकबरा' दाखवतात. मग तो खरा, की उज्जैनचा? आमचे एक काका ठासून सांगायचे की दोघांची कबर उज्जैनला तळ्याच्या मध्यावर आहे.

इतिहासवेडी

काकांनी हवेत बाण मारलेला नाही. 'मआसिर-उल-उमरा' या अठराव्या शतकातल्या मुघल सरदारांच्या चरित्रकोशात तसंच आहे: दोघं उज्जैनला, तलावाच्या मध्यभागी, एकत्र विसावले आहेत. ब्लॉखमनने 'आईन'च्या भाषांतरात तेच घेतलं. पण ती मेली १५६१ मध्ये सारंगपूरला, आणि तो १५७० नंतरही मुघल चाकरीत जिवंत. दोघांना एका कबरीत आणण्याचं काम दंतकथेचं. जगातल्या बहुतेक दुर्दैवी प्रेमिकांना ती मेल्यावर तरी एकत्र आणतेच. ती जिथे मेली तिथेच पुरली गेली असणार, हे जास्त सयुक्तिक, म्हणून माझं मत सारंगपूरला.

वेरुळी

मध्ययुगीन प्रेमकथांचा विषय निघालाच आहे तर आपल्या मातीशी जोडलेली देवलदेवी आठवते. गुजरातच्या कर्ण वाघेलाची मुलगी, देवगिरीच्या रामदेवरायाच्या मुलाशी लग्न ठरलेलं, वाटेत वेरूळजवळ खलजी सैन्याच्या हाती लागली आणि दिल्लीला नेली. तिथे खिज्रखान आणि तिचं प्रेम, आणि अमीर खुसरोने १३१६ च्या सुमारास त्यावर मसनवी, म्हणजे फारसी दीर्घ कथाकाव्य, लिहिली. त्या खिज्रखानालाही आंधळं करून ग्वाल्हेरला मारलं. कन्हैयालाल मुनशींसारख्या लेखकांनी ही कथा कपोलकल्पित ठरवली. पण ढाचा बघा: हिंदू राजकन्या, मुसलमान राजपुत्र, फौजेच्या गडबडीत सुरू होणारं प्रेम, दिल्लीच्या सत्तेने केलेला शेवट. रूपमतीची कथा रचणाऱ्यांच्या कानावर खुसरो असणारच.

तिरकस

वेरुळी, देवलदेवीला कोणी विचारलं होतं का, की तिला प्रेम करायचंय? पकडून नेलेली मुलगी ती. निदान रूपमतीने 'नाही' म्हटल्याची नोंद तरी आहे.

उदाजीराव_फॅन

मांडू म्हटल्यावर पवारांचं नाव नको का यायला? १७२८ ची आमझेऱ्याची लढाई, चिमाजीअप्पा, उदाजी पवार, मग धार संस्थान...

झणझणीत

अवांतर होतंय राव. वेगळा धागा काढा, तिथे येतो.

असीरगड

खानदेशाचा उल्लेख मूळ लेखात एका शब्दात आलाय, तो थोडा वाढवतो. आमच्या बऱ्हाणपूर भागात हा प्रेमकथेचा नव्हे, कत्तलीचा इतिहास आहे.

बाज बहादूर पळून आला तो खानदेशाच्या फारुकी सुलतानाच्या आश्रयाला, मुबारकशहाकडे. अधमखानाला परत बोलावल्यावर माळवा पीर मुहम्मदखानाकडे आला, आणि १५६२ मध्ये तो बाज बहादूरचा पाठलाग करत बऱ्हाणपुरात घुसला. शहर लुटलं, माणसं कापली. तेव्हा बाज बहादूर, मुबारकशहा आणि वऱ्हाडच्या इमादशाहीचा तुफालखान असे तिघे एकत्र आले आणि त्याला नर्मदेपर्यंत रेटत नेलं. घाईघाईने नदी उतरताना उंटांच्या रांगेचा धक्का त्याच्या घोड्याला लागला आणि पीर मुहम्मद बुडाला. बदाऊनीने सारंगपूरच्या कत्तलीबद्दल आधीच कडवट लिहिलं होतं. या मरणाचं त्याला अजिबात दुःख झालेलं दिसत नाही. त्यानंतर बाज बहादूरने थोडा काळ माळवा परत घेतला, तो खानदेश-वऱ्हाडच्या जोरावर. मग अकबराचा सरदार अब्दुल्लाखान उझबेक आला आणि बाज बहादूर कायमचा हुसकला गेला.

मला नवल याचं वाटतं की दंतकथेला आयताच सूड मिळाला होता. सारंगपुरात रक्त सांडणारा सरदार रूपमतीच्याच नर्मदेत बुडून मरतो! कोणीही कथाकार यावर झडप घालेल. पण मांडूतल्या कोणत्याही कथेत हे नाही.

नर्मदे_हर

असीरगड, हे वाचून थबकलो. परिक्रमेत इतक्या कथा ऐकल्या, ही एकाही घाटावर नाही.

मृद्गंध

नसण्याचं कारण मला वाटतं असं: सूड आला की बाज बहादूर परत आलेला दाखवावा लागतो. तो परत आला की पुढे नागौर, मनसब, गवयांची यादी हे सगळं दाखवावं लागतं. प्रेमिक तिच्यामागे तीसबत्तीस वर्षं जगला तरी चालेल, पण लोकांना ते कळता कामा नये. चित्रकारांनीही तेच केलं. अठराव्या शतकातल्या लघुचित्रांत, मग ती दख्खनी असोत की पहाडी, ही जोडी बहुतेकदा रात्री घोड्यांवरून शेजारी शेजारी चाललेली असते. लढाई नाही, विष नाही.

रेवाकाठ (धागाकर्ता)

मृद्गंध, 'तीसबत्तीस' सोडून बाकी सगळं मान्य. नागौरनंतर तो किती जगला यावर मी पैज लावणार नाही.

राजवाडा_ते_सराफा, तुम्ही इंदूरलाच आहात तर सारंगपूरचं मनावर घ्या. तुमच्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मकबऱ्याचे आणि कालीसिंधच्या काठाचे फोटो इथे टाका, आणि तिथले लोक कथा कशी सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. विशेषतः त्यांच्या कथेत मांडू येतं का, हे विचारा. आणि अहमदाबादची 'रानी रूपमती की मस्जिद' कोणीतरी इथे आणायच्या आत सांगून ठेवतो: ती पंधराव्या शतकातली, ही रूपमती वेगळी.

राजवाडा_ते_सराफा

पाऊस ओसरला की जातो भिया. जाताना मक्सीला पोहे, फोटो नक्की.